सागवानी पिस्तूल

जयवंतशेठ धुरी जर्मनीला गेले ते दाराच्या कड्या बघायला, आणि परत आले ते पिस्तुलांचे कारखानदार होऊन. मधल्या बारा दिवसांत त्यांनी काहीच बनवलं नव्हतं. पण असल्या किरकोळ गोष्टीपाशी अडखळणारा तो माणूस नव्हता.

साल त्र्याऐंशी. मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत तळमजल्याच्या गाळ्यात त्यांचं 'धुरी हार्डवेअर' होतं. पितळी कड्या, कोयंडे, बिजागऱ्या. नऊ माणसं कामाला, आणि त्यांत सगळ्यांत जुना गुणाजी मेस्त्री. आडनाव मेस्त्री आणि धंदाही मेस्त्रीचाच. ओतकामाचे लाकडी नमुने तो करायचा. गाळ्यातली कुठलीही कडी आधी गुणाजीच्या हातून सागवानात जन्माला यायची. तो नमुना रेतीत दाबायचा, पडलेल्या खळग्यात वितळलेलं पितळ ओतायचं, की झाली कडी. पितळ थंड होताना आकसतं, म्हणून नमुना केसभर मोठा करावा लागतो. तो केस नेमका केवढा, हे गुणाजीला पट्टी न लावता कळायचं. बाप परळच्या गिरणीत होता, भाऊही तिथेच लागला आणि ब्याऐंशीच्या संपात जो घरी बसला तो बसलाच. गुणाजी लाकडाला धरून राहिला म्हणून विक्रोळीच्या चाळीतली त्याची चूल पेटत होती.

शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर जर्मनीच्या प्रदर्शनातून आणलेला एक गुळगुळीत कॅटलॉग टाकला. इटलीतली कुठलीशी कंपनी. पानापानावर छोटी पिस्तुलं, मखमलीवर दागिन्यांसारखी मांडलेली.

"ह्यां बघ, गुणाजी. तळहाताएवढां! सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढलो की एक गोळी सुटता, तिच्याच धक्क्यान ही वरची स्लाइड मागे जाता, रिकामी पुंगळी भायर, आणि दुसरी गोळी आपसूक नळीत. सात गोळ्ये! आणि ह्ये कंपनीचो मूळ पुरुष कोण होतो म्हायत हा? कुलपां करणारो!"

"बरां," गुणाजी म्हणाला.

"बरां काय? तो कुलपां करी, आपण कडयो करतो. कितीसो फरक हा?"

ह्या हिशेबाने तवे करणारा उद्या रणगाडा करील, असं गुणाजीच्या मनात आलं. पण पंचवीस वर्षं नोकरी टिकवणाऱ्या माणसाला मनात आलेलं मनात ठेवायची कला साधलेली असते. तो चित्रं बघत राहिला. चित्रं मात्र खरंच देखणी होती. स्लाइडच्या मागच्या टोकाला बोटं सटकू नयेत म्हणून बारीक खाचा होत्या, आणि मुठीचा उतार असा की कागदावरसुद्धा हात पुढे जावा.

आठवडाभरात गाळ्यावर नवी पाटी चढली: 'धुरी स्मॉल आर्म्स, कॉम्पॅक्ट पिस्तुलांचे उत्पादक'. लेटरहेड छापली, व्हिजिटिंग कार्डं छापली. पाटीखाली कड्यांचं काम पूर्वीसारखंच चालू होतं, कारण पगार त्यातूनच निघत होते. ऑफिसात मृणालिनी नावाची टायपिस्ट होती. तिने दिल्लीला पाठवायचा परवान्याचा अर्ज सात प्रतींत टाईप केला. उत्पादनाच्या रकान्यात शेठनी सांगितलं, "वर्षाला दहा हजार नग." तिने विचारलं, "आत्तापर्यंतचे किती?" शेठ म्हणाले, "तो कॉलम रिकामो सोड."

दिल्लीचं उत्तर यायला अकरा महिने लागले. मृणालिनीने ते वाचून दाखवलं. परवान्याचा विचार होण्यासाठी पिस्तुलाचा तयार नमुना सादर करावा. आणि त्याच्याच खालच्या परिच्छेदात, परवाना नसताना असा नमुना तयार करणं हा दखलपात्र गुन्हा आहे, याची अर्जदाराने नोंद घ्यावी.

"म्हणजे नमुना केला तर तुरुंग, आणि नाही केला तर परवाना नाही," मृणालिनी म्हणाली.

दुसरा कुणी असता तर पाटी उतरवून कड्यांकडे वळला असता. शेठ मात्र दोन दिवस येरझाऱ्या घालत राहिले आणि तिसऱ्या दिवशी गुणाजीच्या बाकापाशी येऊन उभे राहिले.

"नमुनो होयो म्हणतत ना? मग नमुने आमच्याकडे कोण करता?"

"लाकडाचो?"

"लाकडाक खंयचो कायदो लागता?"

गुणाजीने लगेच हो म्हटलं नाही. नुसत्या चित्रावरून होणार नाही, वस्तू हाताळून बघायला पाहिजे, असं तो म्हणाला. आता मुलुंडात खरं परदेशी पिस्तूल बाळगणारा एकच माणूस शेठच्या ओळखीचा होता, रतनशेठ बिल्डर. त्याच्याकडे रीतसर परवाना होता. सफारीच्या खिशापाशी हात नेऊन बोलायची त्याची सवय इतकी प्रसिद्ध होती की सोसायटीच्या मीटिंगांत पाण्याच्या टाकीवरून त्याच्याशी कुणी वाद घालत नसे. सहा वर्षं त्या खिशाच्या जोरावर त्याने दोन मजले जास्तीचे चढवले होते.

रतनशेठने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मागे सरून बसला. "लोडेड नाही ना?" गुणाजीने विचारलं. "नाही बहुतेक," रतनशेठ म्हणाला. या 'बहुतेक'वर गुणाजीने नळी भिंतीकडे वळवली आणि मुठीतलं मॅगझिन काढायला गेला. ते निघेना. स्लाइड मागे ओढली. ती जागची हलेना. त्याने खिशातून तेलाची छोटी बुधली काढली, अंगठ्याने इथे दाब, तिथे पीळ असं करत वीस मिनिटांत सगळं सुटं केलं आणि पंचावर मांडलं. स्प्रिंग गंजून एकजीव झाली होती. मॅगझिनमधल्या चार गोळ्यांवर हिरवी बुरशी चढली होती. नळीत एका कोळ्याने घर केलं होतं.

"रतनशेठ, ह्येच्यान उंदीर पण मरूचो नाय," गुणाजी म्हणाला.

रतनशेठचा चेहरा लग्नात पत्रिका नसताना पकडलेल्या माणसासारखा झाला. "बाहेर बोलू नका," तो म्हणाला. गुणाजीने मापं घेतली, साफ करून पिस्तूल परत जुळवलं. जाताना रतनशेठ पुन्हा खिशापाशी हात नेऊन उभा राहिला. पण आता गुणाजीला तिथे कोळीच दिसत होता.

पुढचे चार महिने गुणाजीने कड्यांच्या कामातून वेळ काढून ते पिस्तूल घडवलं. जुन्या दरवाजाचं मुरलेलं सागवान त्याने स्लाइडला घेतलं, मुठीला शिसम. पहिला नग सवयीने केसभर मोठा झाला, पितळ आकसेल या हिशेबाने. हे आता आकसणारं नाही, हे त्याच्या डोक्याला कळत होतं, हाताला कळायला वेळ लागला. दुसरा नग नेमका उतरला. स्लाइड मागे जायची आणि कडीच्या स्प्रिंगने खटकन पुढे यायची. मॅगझिन बटण दाबताच हातात पडायचं, त्यात खैराच्या सात गोळ्या. काळ्या पॉलिशमध्ये ग्रॅफाईट घोटून त्याने असा रंग दिला की हातात घेतल्यावर पहिला धक्का हलकेपणाचा बसावा. त्याची बायको मालन ते बघून म्हणाली, "देवघराक एवढो जीव लायलंस नाय कधी." देवघर त्याने खरंच घाईत केलं होतं.

पंच्याऐंशीचा दसरा. दर वर्षी गाळ्यात यंत्रांना हार घालून, हत्यारांना गंध लावून पेढे वाटायचे, एवढाच कार्यक्रम. या वर्षी शेठनी बाहेर मांडव घातला, एका माजी नगरसेवकांना बोलावलं, स्थानिक साप्ताहिकाच्या वार्ताहराला बोलावलं. पाटावर लाल कापड, त्यावर झेंडूच्या पाकळ्यांत सागवानी पिस्तूल. लाकडाचं आहे, हे सांगायची गरज शेठना वाटली नाही. माजी नगरसेवकांनी पिस्तूल उचललं, आकाशाकडे रोखलं आणि डोळे मिटून चाप ओढला. 'टक्' झालं. टाळ्या पडल्या.

मग शेठ बोलायला उभे राहिले. परदेशी कंपन्यांची मक्तेदारी, मराठी माणूस, उद्योजकता, सगळं झालं. शेवटी दोन्ही पंजे लोकांपुढे धरून ते म्हणाले, "हे पिस्तूल कुणी इंजिनिअरने नाही केलं. ह्या दोन हातांनी केलंय. माझ्या!"

गुणाजी मांडवाच्या कडेला पेढ्यांचं तबक घेऊन उभा होता. त्याने शेठच्या हातांकडे बघितलं. दोन अंगठ्या, कापलेली नखं, आणि कुठे एक घट्टा नाही. शेजारी उभ्या मृणालिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याने तिच्या हातावर पेढा ठेवला. "खा गो," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो आला: 'मुलुंडमध्ये पिस्तुलांचा कारखाना'. शनिवारी सकाळी दहा वाजता पोलिसांची जीप आली. ते दिवस पंजाबच्या बातम्यांचे होते. ट्रान्झिस्टर बेवारस दिसला तरी गर्दी पांगायची, तिथे पिस्तुलाचा कारखाना पाटी लावून चाललेला. इन्स्पेक्टर मार्तंड जगदाळे सहा शिपाई घेऊन आत शिरले. पोत्यांमधून कड्या निघाल्या, कपाटातून कोयंडे निघाले आणि शेठच्या केबिनमधल्या काचेच्या पेटीतून पिस्तूल निघालं. शिपायाने ते रुमालात धरलं. जागच्या जागी पंचनामा झाला: 'एक विदेशी बनावटीचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, मॅगझिनसह, सात जिवंत काडतुसे.' दोन पंचांनी सह्या केल्या. त्यांतला एक शेजारच्या गाळ्यातला बिस्किटवाला होता. त्याला चष्म्याशिवाय दिसत नसे.

शेठ आणि गुणाजी, दोघांना चौकीवर नेलं. जगदाळेंनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "कुणी बनवलं हे?"

शेठनी घसा खाकरला. मघाशी जीपमध्ये घामाने भिजलेला तो माणूस आता एकदम कागदी झाला. "साहेब, मी फक्त भांडवल घालतो. तांत्रिक बाजू सगळी मेस्त्रींकडे. हे त्यांनीच केलं. मला तर पान्याचं तोंड कुठे असतं तेही ठाऊक नाही."

जगदाळे गुणाजीकडे वळले. "काय? तू बनवलंस?"

गुणाजीला खरं तर भीती वाटायला हवी होती, आणि ती पोटात कुठेतरी होतीही. पण तिच्या वर, दुधावर साय धरावी तसं काहीतरी वेगळंच आलं. आठशे तरी कड्यांचे नमुने त्याने आजवर केले असतील. मुंबईभर लोक त्या कड्या लावून निजत होते, पण हे कुणी केलं असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. आज एक सरकारी माणूस पेन उघडून विचारत होता.

"होय साहेब," तो म्हणाला. "मीच केलंय."

"कबूल करतोस?"

"कबूल. पण साहेब, ता लाकडाचा असा."

खोलीत कुणीतरी हसलं. जगदाळेंनी पिस्तूल उचललं, वजन अजमावलं, भुवया वर गेल्या. तरी बुडत्याने काडी धरावी तसा त्यांनी पंचनामा धरला होता. "आत शिसं नसेल कशावरून? आजकाल प्लॅस्टिकची पण निघालीत म्हणे."

"पाणी हा काय?" गुणाजीने विचारलं.

कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. गुणाजी उठला, झाकण काढलं आणि पिस्तूल अलगद पाण्यावर सोडलं. दोन शिपाई उगाचच दाराकडे सरकले. पिस्तूल एकदा बुडी मारून वर आलं आणि कडेकडेने तरंगायला लागलं. चौकीतले सगळे पिंपाभोवती जमले. शेवटी एका हवालदाराने बोटाने त्याला टिचकी मारली आणि ते गोल फिरलं.

"आयला," जगदाळे म्हणाले. मग त्यांची नजर टेबलावरच्या कागदावर गेली आणि चेहरा पडला. पंचनाम्यात पिस्तूल विदेशी होतं, काडतुसं जिवंत होती, पंचांच्या सह्या होत्या. पिंपात तरंगणाऱ्या वस्तूपेक्षा कागद जड असतो, हे चौकीतला प्रत्येक जण जाणून होता. "आता तज्ज्ञाचा दाखला आल्याशिवाय सोडता येत नाही मला," ते म्हणाले. "तोवर रोज सकाळी येऊन इथे बसायचं."

शेठना रक्तदाब होता, म्हणजे त्या क्षणापासून झाला. डॉक्टरची चिठ्ठी आली आणि ते घरी गेले. रोज सकाळी येऊन बाकावर बसायचं काम गुणाजीच्या वाट्याला आलं. तीन दिवस तो बसला. मालन दुपारी डबा घेऊन यायची. पहिल्या दिवशी तिने बाकावर डबा आपटला.

"कित्याक सांगलंस की तू केलंस म्हणान? तेचां नाव पाटयेर हा, तो करीना कबूल!"

"पण केलंय तर मीच ना गो."

"मेल्या, खरां बोलूक हीच जागा गावली तुका?"

पलीकडे टेबलावर जगदाळे मान खाली घालून लिहीत होते. त्यांचे खांदे हलत होते.

चौथ्या दिवशी दाखला आला. 'सदर वस्तू साग व शिसम या लाकडांची असून तिच्यातून कोणतीही गोळी सुटू शकत नाही. काडतुसे खैराची आहेत.' जगदाळेंनी तो दोनदा वाचला, फाईल मिटली आणि गुणाजीसाठी चहा मागवला. पिस्तूल मात्र परत देता येणार नव्हतं. मुद्देमाल म्हणून त्याची नोंद झाली होती, आणि ती नोंद खोडायला आणखी एक पंचनामा लागला असता.

"मेस्त्री, एक सांगू?" ते म्हणाले. "माझा मेव्हणा शरच्चंद्र अंधेरीला सिनेमावाल्यांना सामान पुरवतो. तलवारी, टेलिफोन, खोट्या बाटल्या. त्याच्याकडची पिस्तुलं बघितलीत तर हसाल. पत्ता देतो."

गुणाजी दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गेला तो आपली हत्यारं घ्यायला. पटाशा, रंधे, आजोबांची कानस, सगळं तो पिशवीत भरत होता तेव्हा शेठ केबिनमधून आले. रक्तदाब उतरला होता.

"रागावलंस? अरे, माणूस अडचणीत कायव बोलता. मनार घेवचा नाय."

गुणाजीने पिशवीची नाडी आवळली. "शेठ, चौकीर तुमी अडचणीत होतास, ता माका कळता. पण दसऱ्याक खंयची अडचण होती?"

शेठ बोटातली अंगठी फिरवत केबिनमध्ये परत गेले. मृणालिनीच्या टाईपरायटरचं टकटक क्षणभर थांबलं आणि मग जरा जोरातच सुरू झालं.

अंधेरीचा शरच्चंद्र हा बोलका, गबाळा माणूस होता. गुणाजीने घरून नेलेला तो जास्तीचा, केसभर मोठा नग त्याने हातात घेतला, स्लाइड खटकन मागेपुढे केली आणि म्हणाला, "झकास यार! बारा पाहिजेत." गुणाजीने बारा दिले. मग तीस. पण तक्रारही लगेच आली. हिरोच्या पंजात एवढंसं पिस्तूल दिसतच नाही, पडद्यावर तो हात चोळतोय असं वाटतं. तेव्हापासून नियम ठरला. हिरोला मोठं, आणि छोटी पिस्तुलं क्लबात नाचणाऱ्या बाईच्या पर्समध्ये, नाहीतर शेवटच्या रिळात दगा देणाऱ्या मॅनेजरच्या खिशात. गुणाजीला याचं वाईट वाटलं. जेवढं लहान तेवढं काम अवघड, आणि नेमकं तेच अर्धा सेकंद दिसायचं.

मृणालिनी पुढे नोकरी सोडून घाटकोपरला गेली, पण गाळ्यावर तिचं येणंजाणं होतं, तिच्याकडून शेठची हकीकत कळायची. सत्त्याऐंशीत दिल्लीचं शेवटचं पत्र आलं. मुदतीत नमुना न आल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. शेठनी ते फाडलं नाही, फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. कारण पत्राच्या माथ्यावर पत्ता होता, 'श्री. जयवंत धुरी, लघुशस्त्र उत्पादक', आणि हे सरकारने मान्य केल्याचा दुसरा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. रोटरीवाले अजून त्यांना स्वदेशी शस्त्रनिर्मितीवर बोलायला बोलावतात, आणि ते दीड तास बोलतात. गाळ्यात कड्या होतात. नमुने हल्ली बाहेरून आणतात, त्यामुळे कडी कोयंड्यात बसत नाही अशी गिऱ्हाइकांची ओरड आहे.

एकोणनव्वदपर्यंत गुणाजीच्या हातून चारशेवर पिस्तुलं बाहेर गेली. विक्रोळीच्या चाळीत गॅलरीतच त्याने बाक मांडला होता. मालन आधी कुरकुरली, मग हळूहळू पॉलिशचं काम तिने स्वतःकडे घेतलं. तिचा हात त्याच्यापेक्षा सारखा चालायचा. पॉलिश वाळायला ती पिस्तुलं चापाच्या कडीत सुतळी ओवून दोरीवर टांगायची, बोंबलांच्या शेजारी. शेजारची कमल आपल्या दोरीवर पापड घालायची, तिने एकदा विचारलं, "वहिनी, पोलीस बघतील तर?"

"बघूंदे," मालन म्हणाली. "बघतीत आणि विचारतीत कोणी केल्यान म्हणान. सांगू आमी." मग ती आत वळून ओरडली, "आयकलंस? पाच नगांक दुसरो हात लावचो रवलो हा. ऊन जायच्या आधी भायर ये!"